संस्थेचा 'पर्पज' : उद्दिष्ट, हेतू, प्रयोजन की ब्रीद?

प्रश्न : शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करते आहे. 'संस्थेचा पर्पज' यासाठी पहिल्या मसुद्यात कुठे ध्येय, कुठे उद्दिष्ट, तर कुठे हेतू आले आहे. एकच शब्द ठरवायचा तर कोणता?

उत्तर : ताई, 'उद्दिष्ट' आधी बाजूला काढा. उद्दिष्टाला आकडा आणि मुदत असते : वसुलीचे उद्दिष्ट, पेरणीचे उद्दिष्ट. मार्चअखेर ते गाठले जाते किंवा हुकते. सरकारी कागदांतले 'लक्ष्यांक' आणि 'इष्टांक' ही त्याचीच भावंडे. संस्था मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न मार्चअखेर निकालात निघत नाही.

'हेतू' माणसाच्या मनात असतो, आणि मराठीत त्याचे नाव निघाले की संशयही डोकावतो : हेतुपुरस्सर, अंतस्थ हेतू, हेतूबद्दल शंका. 'ध्येय' म्हणजे ज्याचे ध्यान करावे ते. ते लांबचे असते, म्हणून 'व्हिजन'साठी राखून ठेवा.

माझे मत 'प्रयोजन'ला. मीमांसेचे प्राचीन पंडित कुमारिल भट्ट यांचे वचन आहे, 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते'. प्रयोजन समोर असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूससुद्धा कामाला लागत नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी (म्हणजे ग्रंथ ज्याच्यासाठी आहे तो वाचक), संबंध आणि प्रयोजन सांगायची रीत होती. हे कोणासाठी आणि कशासाठी, ते आधी सांगायचे, मग बाकीचे. संस्थेच्या प्रमुखाचे पहिले काम याहून वेगळे नाही.

प्रश्न : अर्थ पटला, पण शब्द जड आहे. 'आता बोलण्याचे प्रयोजन नाही' एवढ्यापुरताच तो उरला आहे. गावातले संचालक तो स्वतःच्या तोंडी घेतील का?

उत्तर : शंका रास्त आहे. जुन्या वळणाच्या घरांत लग्नमुंजीच्या जेवणावळीलाही प्रयोजन म्हणत, तोही वापर आता विरळ झाला. मग 'ब्रीद'चा विचार करा. लोक त्याला नुसती घोषणा समजतात, हे मला फार खटकते. संतांनी विठ्ठलाला त्याच्या ब्रीदावरूनच धारेवर धरले आहे : पतितपावन म्हणवतोस ना, मग माझ्याकडे पाठ का? ज्यावरून दुसरा कोणी जाब विचारू शकतो ते ब्रीद. उद्दिष्ट हुकले तर वरिष्ठ विचारतात, ब्रीद मोडले तर ज्यांच्यासाठी संस्था आहे ते विचारतात.

एसटीचे उदाहरण घ्या. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. ब्रीदवाक्य 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. आता एखाद्या वाडीवरच्या मुक्कामी गाडीचे भारमान, म्हणजे प्रवाशांनी भरण्याचे प्रमाण, कमी आहे आणि आगाराला उत्पन्नाचे उद्दिष्ट दिलेले आहे. केवळ उद्दिष्ट पाहिले तर गाडी बंद करणे सोपे. पण सकाळच्या त्याच गाडीने मुली तालुक्याच्या शाळेत जातात. अशा वेळी आगारप्रमुखाने काय करावे, हे उत्पन्नाचा तक्ता सांगू शकत नाही. डिझेलचे पैसे कुठून आणायचे, हे ब्रीदही सांगत नाही, हे खरे. पण निर्णय घेताना कोणाचा विचार आधी करायचा, ते मात्र ब्रीदच सांगते. नेतृत्वाचा कस लागतो तो अशाच ठिकाणी, असे मला मनापासून वाटते.

'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयत शिक्षण संस्थेचे वाक्यही पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. त्या मुलांसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 'कमवा आणि शिका' ही योजना त्या ब्रीदातूनच आली. शाळांची संख्या किती वाढवायची, हे उद्दिष्ट दरवर्षी बदलू शकते, पण शाळा कोणासाठी काढायची हे बदलून चालत नाही.

म्हणून तुमच्या पुस्तिकेत मथळ्याला 'प्रयोजन' ठेवा, त्याखाली साध्या मराठीत 'आपली कंपनी कशासाठी आहे?' असे विचारा, आणि संचालकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या उत्तराला 'आपले ब्रीद' म्हणा.

आणखी एकाची भर : यात 'उद्देश' राहून गेला. संस्था नोंदणीच्या विधानपत्रात 'संस्थेचे उद्देश' असे रूढ आहे, बहुधा अनेकवचनी, कलमवार. कायदेशीर कागदांचा संदर्भ येईल तिथे तोच ठेवा, नाहीतर नोंदणीच्या वेळी गोंधळ होईल.