खाड्यांवर पूल झाले की सागरी मार्गाची मजा गेली म्हणायची का?

सडाफटिंग
गेल्या महिन्यात आठ दिवस काढून दुचाकीवरून मांडवा ते रेड्डी केलं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो आणि तिथून समुद्र सहसा उजव्या हाताला ठेवून खाली खाली जात राहिलो. काशीद सोडल्यावर फणसाडच्या जंगलाची सावली, मग राजपुरीच्या खाडीत आगरदांडा-दिघी, सावित्रीवर बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. चार खाड्या, चार फेरीबोटी. आमच्याकडे अजून कोणी कोणी फेरीबोटीला जंगलजेटीच म्हणतात.

माझं म्हणणं थोडं तिरकं वाटेल, पण मांडतो. या मार्गाला मुंबई-गोवा हायवेची शाखा होण्यापासून ज्या गोष्टीने वाचवलंय ती म्हणजे या फेरीबोटी. त्या तुम्हाला थांबवतात. दाभोळला अर्धा तास बसलो. शेजारी टोपली घेतलेल्या एक मावशी, मागे आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेंपो, पुढे लग्नाचं वऱ्हाड. तो अर्धा तास माझ्या आठ दिवसांतला सगळ्यात चांगला होता. आता या रेवस-रेड्डी सागरी मार्गावर सगळ्या मोठ्या खाड्यांवर पूल येणार, रस्ताही रुंद होणार. मग मुंबईहून निघालेली गाडी गुहागरला जेवायला आणि मालवणला झोपायला. मधली गावं काचेतून बघायची.

पूल नकोत, फेऱ्या वाढवा, रात्रीच्याही ठेवा. काय म्हणता?

वाशिष्ठीकाठ
फटिंगराव, तुमचा तो सगळ्यात चांगला अर्धा तास आहे ना, तो आम्ही जन्मभर काढतोय.

मी अंजनवेलचा. सासुरवाड दाभोळला. मधे फक्त खाडी. काही वर्षांपूर्वी सासुरवाडीला असताना रात्री फोन आला, वडिलांच्या छातीत दुखतंय. शेवटची फेरी निघून गेली होती. धक्क्यावर उभा राहिलो तर पलीकडे आमच्या गावातले दिवे दिसत होते. होडीवाल्याला उठवायला गेलो तर वारा सुटलेला, तो नको म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. मग गाडी काढून दाभोळ, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. शंभराच्या वर किलोमीटर, रात्रीचे घाट. पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना चिपळूणला हलवलं होतं, म्हणजे वाटेत कुठेतरी आम्ही एकमेकांच्या समोरून गेलो असणार. वडील वाचले, म्हणून शांतपणे लिहितोय.

फेरीबोट २००३ ला सुरू झाली तेव्हा आम्हाला केवढं कौतुक! त्याआधी माणसं तरीने, म्हणजे छोट्या होडीने, जायची आणि गाडीला वळसाच. फेरीबोटीचे उपकार आहेतच. पण ती पुलाच्या जागी तात्पुरती आली होती. तुम्ही तिला देखावा करून टाकलात.

चौदाखडी
वाशिष्ठीकाठ यांना +१.
रेवस-रेड्डीचं स्वप्न तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. तेव्हा शाळेत होतो, आता निवृत्त आहे. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं बगळ्यांना बसायला दिलेत. फटिंगरावांनी काळजी करू नये, त्यांच्या नातवालाही फेरीबोट मिळेल.

आगरवाली
आमचं श्रीवर्धनकडे घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे, त्यामुळे या वादात मी दोन्हीकडून मार खाणार.

पूल हवा. आमच्या मुलीला मंडणगडहून माहेरपणाला यायचं तर आंबेतच्या पुलाला वळसा घालून यावं लागतं, नाहीतर फेरीची वेळ गाठायची. पण तुम्ही सगळे पुलावर भांडताय आणि रस्त्याचं कोणी बोलत नाही. आमच्या गावांतला रस्ता कसा आहे पाहिलात ना? दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, गडग्याच्या आत लगेच सुपारी. समोरून एसटी आली की एकाने पाखाडीत घुसायचं. हा रस्ता रुंद करायचा म्हणजे सुपारीची वाडी कापायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने एका दुपारी आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या केल्या. नवीन लावल्या, त्यांना धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या आता कुठे हाताशी येतायत, तर त्यावर मोजणीच्या खुणा? वादळाला निदान आपण बोलू शकत नाही.

आणि एक. गाड्या वाढल्या की आमचा धंदा वाढेल असं सगळे सांगतात. मला उलट वाटतं. आज माणूस दमून येतो म्हणून रात्री राहतो. मोदक खातो, सकाळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, फिरतो, जाताना सुपारी नि कोकम नेतो. तीन तासांत पुढे जाता येत असेल तर तो चहा पिऊन जाईल, तोही कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात.

कातळवेडा
ताई, गावातून रस्ता रुंद करायचा नाही म्हटलं की अधिकारी लगेच नकाशावर बोट ठेवतात: गावाबाहेरून, सड्यावरून (वरच्या कातळाच्या पठारावरून) न्या, तिथे ओसाडच आहे!

सडा ओसाड नसतो हो. पावसाळ्यात तिथे पाणी मुरतं तेच मार्च-एप्रिलात खालच्या विहिरींना येतं. ऑगस्टमध्ये सडा फुलतो तेव्हा या, पाय ठेवायला जागा नसते. आणि रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात त्याच कातळावर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. उक्षीचा हत्ती, देवीहसोळ, बारसू, कशेळी. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जेसीबीला यादी वाचता येत नाही. चिरेखाणी आणि रस्ते मिळून अशी किती गेली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

पांढरासमुद्र
झालं. आता कासवं आणा, मग शेकरू आणा, मग देवराया. यादी पूर्ण झाली की कोकणी माणसाने गाव सोडून मुंबईला जायचं आणि मे महिन्यात चाकरमानी म्हणून परत यायचं, तेही खड्ड्यांतून. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय.

पूर्णगडला मुचकुंदीवर पूल कधीचा आहे. पलीकडे लगेच गावखडी. गावखडीची पुळण बिघडली का? सुरूचं बन आहे, कासवंही येऊन अंडी घालतात. पुलाने किनारा मरतो हे कुठे सिद्ध झालंय ते दाखवा, मग बोलू.

वेळासकर
कासवं आणलीत तर येतोच.

पांढरासमुद्र यांचं गावखडीचं उदाहरण बरोबर आहे, मीही ते देतो. पुलाने कासवाला काही होत नाही. होतं ते उजेडाने. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करून अंडी घालते नि निघून जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. निसर्गात उजळ बाजू समुद्राची. किनाऱ्याला लागून रस्ता आला, त्यावर दिवे आले, हॉटेलांची रोषणाई आली, की पिल्लू उलटं फिरतं. आमच्याकडे वेळासला चिपळूणच्या मंडळींनी २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. आधी गावात अंडी खाल्ली जात होती, हे लपवायचं कारण नाही. २००६ पासून कासव महोत्सव. पाहुणे येतात, घराघरात जेवतात. आमचं गाव रस्त्याच्या टोकाला आहे म्हणून हे जमलं, असं माझं मत. टोक राहिलं नाही तर जमेल का, ठाऊक नाही.

तेव्हा भांडण पुलाचं नाही, पूल झाल्यावर किनाऱ्यालगत काय काय उभं राहू देणार याचं आहे. २०१९ च्या किनारपट्टी नियमन नियमांत दाट वस्तीच्या गावांसाठी भरतीरेषेपासूनची मोकळी जागा दोनशेवरून पन्नास मीटरवर आणलीच आहे. पन्नास मीटर म्हणजे आमच्या पुळणीवरून चप्पल फेकली तर पोचेल.

पांढरासमुद्र
चप्पल पन्नास मीटर जात नाही.

वेळासकर
भरती बघून फेकायची.

डोंगरीसायकल
एक वेगळा मुद्दा. मी या रस्त्याने तीनदा सायकलने गेलोय. ज्यांना हा 'किनाऱ्याचा सपाट रस्ता' वाटतो त्यांनी हर्णै ते गुहागर पायडल मारून बघावं. प्रत्येक खाडीला समुद्रपातळीपर्यंत उतरायचं, पलीकडे परत सड्यावर चढायचं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघून निघालो होतो, पुढच्या चढाला तो बांगडा आठवत होता. फेरीबोट म्हणजे पाय मोकळे सोडायची एकच जागा. तरीसुद्धा मी पुलाच्या बाजूने आहे. माझे पाय दुखतात म्हणून दुसऱ्याच्या बापाने चिपळूणचा वळसा घ्यायचा, हे काही पटत नाही.

मला खरी भीती आहे ती वेगळीच. किनाऱ्यावर गर्दी आधीच झेपत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीला आलेली पुण्याची १४ मुलं बुडाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोघं गेले. गणपतीपुळ्याला तर दरवर्षी कोणीतरी. ओहोटीची ओढ काय असते हे घाटावरच्या माणसाला कोणी सांगत नाही, पाटी असली तर तिच्याच खाली उभं राहून फोटो काढतात. पुलांना पैसे आहेत, तर किनाऱ्यावर जीवरक्षकाला बारा महिने पगार का नाही? आणि पुळणीवर गाडी घालणाऱ्यांना भरतीत गाडी रुतली की गावातला ट्रॅक्टर फुकट मिळू नये, ही माझी वैयक्तिक मागणी.

आगरवाली
फुकट नाही मिळत हो. आमच्याकडे दर ठरलेला आहे, नि पाणी चाकाच्या वर आलं की दुप्पट.

सडाफटिंग
वाशिष्ठीकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'पूल नकोत' हे मी मागे घेतो. पाहुण्याने घरमालकाला जिना नको म्हणण्यासारखं होतं ते.

पण रस्ता रुंद करू नये यावर मी ठाम आहे. दुपदरी पूल बांधा, रुग्णवाहिका जाईल, एसटी जाईल, मासळीचा टेंपो जाईल. त्याला जोडून चौपदरी रस्ता कशाला? ज्याला गोव्याला लवकर पोचायचंय त्याला आतून हायवे आहे, रेल्वे आहे. तीन समांतर मार्ग आणि तिन्हींवर घाई, याचा अर्थ काय? गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग याच वाटेवरचे. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्गाकडे बघत उभं राहायला शंभराच्या वेगाचा रस्ता लागत नाही.

चौदाखडी
दुपदरी मागितलं तर एकपदरी मिळतं, म्हणून लोक चौपदरी मागतात. सरकारी कारभाराचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

वाशिष्ठीकाठ
मागे घेतलंत, बरं वाटलं. दुपदरीला माझी हरकत नाही. गुहागरच्या सहा किलोमीटर पुळणीला लागून चौपदरी रस्ता मलाही बघायचा नाही, माझ्या पोरांनी तिथेच क्रिकेट खेळायचंय.

फक्त फेरीबोटीबद्दल: पूल झाला तरी ती बंद करू नका असं आमचेच लोक म्हणतायत, कारण धोपाव्याच्या धक्क्यावर चहा-वडापाववाले, तिकीटवाले, दोरी टाकणारी पोरं मिळून बरीच घरं चालतात. पर्यटकांसाठी ठेवा म्हणावं. तिकिटाचे पैसे मात्र पर्यटकांकडून घ्या, माझ्याकडून पुलावर टोल घेणार असाल तर मी परत धाग्यावर येईन.