व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या, मतदान यंत्राशेजारच्या यंत्राची) चिठ्ठी आईला दिसलीच नाही. मत नीट पडलं हे कसं कळणार?

ऐरोलीची_लेक
20 नोव्हेंबर 2024, विधानसभा. आईला घेऊन इथल्याच शाळेतल्या केंद्रावर गेले होते. वय 78, एका डोळ्यात मोतीबिंदू. बटण दाबलं, बीप वाजला, पण तिची नजर काचेवर जाईपर्यंत चिठ्ठी खाली पडली. तेव्हापासून म्हणते, "माझं मत कुठं गेलं कुणाला ठाऊक, मी आता येत नाही." नुसती समजूत काढायची नाहीये, तिला खरं उत्तर द्यायचंय.

कळव्याचे_गुरुजी
ताई, मी शिक्षक, चार निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. चिठ्ठी सातच सेकंद दिसते, आणि वयस्कर माणसांची धांदल मी दरवेळी बघतो. आईंना सांगा, नाव वाचत बसू नका, चिन्ह तेवढं पाहा. चिन्हच ओळखता येत नसेल तर केंद्राध्यक्षाला सांगून 18 वर्षांवरचा सोबती आत नेता येतो.

आता खरी पडताळणी. मतदान सातला असेल तर आम्ही साडेपाचला मॉकपोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतो. किमान 50 मतं, 'नोटा'सकट (वरीलपैकी कुणीही नाही) प्रत्येक बटण दाबून. मशीनचा निकाल आणि चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं क्लिअर करून सील. हे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर करायचं असतं. संध्याकाळी नमुना 17 सी भरतो: एकूण किती मतं पडली, कोणत्या नंबरचं मशीन, कोणतं सील. त्याची सही केलेली प्रत प्रतिनिधींना मिळते, मोजणीच्या दिवशी ती मशीनच्या आकड्याशी ताडता येते.

माझ्या एका केंद्रावर पहाटे एकच प्रतिनिधी आला आणि तोही दुपारी जेवायला गेला तो परतलाच नाही. संध्याकाळी प्रत हातात धरून मी उभा, घ्यायला कुणी नाही. फार वाईट वाटलं. ज्या कागदावर शंका फिटायची, तोच कुणाला नको होता.

घणसोलीकर
गुरुजी, 17 सी वरून फक्त आकडा कळतो. मत कुणाला गेलं ते चिठ्ठीच सांगते, आणि चिठ्ठ्या मोजतात पाच केंद्रांच्या.

कळव्याचे_गुरुजी
बरोबर. विधानसभेच्या एका मतदारसंघातली पाच केंद्रं, सोडत काढून निवडलेली. आधी एकच होतं, 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने पाच केली. मशीन आणि चिठ्ठ्यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली. मला पाच कमीच वाटतात, वेळ लागला तरी वाढवायला हव्यात. पण त्यासाठी भांडताना आपल्या केंद्रावरची प्रतिनिधीची पहाटेची खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल?

ऐरोलीची_लेक
ती खुर्ची मला मिळेल का?

कळव्याचे_गुरुजी
मिळेल. उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचा नमुना 10 लागतो. पहाटे साडेपाचच्या आत या. आईंना सावकाश आणा, सकाळी गर्दी कमी असते.