कर्द्याच्या किनाऱ्याला पळायची पक्की वाट हवी का?

कमाटीबागकर
बारा वर्षं रोज सकाळी कमाटीबागेत पळतो. भाऊबीज आटोपून आम्ही तीन कुटुंबं दापोलीजवळ कर्द्याला गेलो. म्हटलं, बडोद्यात समुद्र कुठला, चार दिवस वाळूवर पळून घेऊ. पहिल्या सकाळी सहाला उतरलो तर पाय घोट्यापर्यंत आत. पाण्यालगत चार हात ओली पट्टी, तीही उतरती. जाताना डावा पाय खाली, येताना उजवा. तिसऱ्या दिवशी, अष्टमीला, पोटरी धरली आणि उरलेली सुट्टी झोपाळ्यावर काढली.

माझं स्पष्ट मत: अशा किनाऱ्यांवर सुरूच्या बनाच्या कडेने पेव्हर ब्लॉकची दीड-दोन मीटर रुंद वाट करावी. गाड्या थेट वाळूत घालणाऱ्यांना मोकळं रान आहे, मग पळणाऱ्याने काय घोडं मारलंय? वाळूत पळण्याचं कौतुक करणारे बहुतेक फोटोपुरतेच पळतात.

रावपुऱ्यातली_सून
काका, माझं माहेर दापोली तालुक्यातलं. कर्द्याची वाळू बिचारी निर्दोष आहे, तुमची तिथी चुकली. आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा. तुम्ही बरोबर सहाला, भरल्या पाण्यात उतरलात! सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दुपारी बारानंतर. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही तसं फार ओसरतही नाही.

आम्ही गेल्या वर्षी दत्तजयंतीला गेलो होतो. पौर्णिमा, पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सुकती पहाटे पाचच्या सुमाराला. उधाणाची सुकती असल्याने पाणी पार लांब गेलेलं. साडेपाचला उतरलो तर वाळू इतकी घट्ट की टाच उमटत नव्हती, नुसता कोरडा चट्टा उठायचा आणि पुढचं पाऊल टाकेपर्यंत पुन्हा ओला व्हायचा. रुंदीला क्रिकेटचं मैदान मावेल. तुमचे पेव्हर कशाला हवेत?

मांडवीवाला
वहिनी, सगळं खरं, पण नोकरदार माणूस तिथी बघून रजा टाकतो का? साहेब म्हणेल, पौर्णिमेचं काय आहे, व्रत धरलंय का? काकांना माझा पाठिंबा. माझी आई 71 वर्षांची, तिला वाळूत दहा पावलंसुद्धा टाकवत नाहीत. तिनं समुद्र लॉजच्या गच्चीवरून बघायचा का?

अलकापुरी_फिजिओ
दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ झाली आहे. कोरड्या वाळूत पळायला कडक जमिनीच्या सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते, चालायला तर दुपटीहून जास्त. बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 साली हे मोजून छापलंय. पाऊल रुततं, सरकतं, ढकलण्याचा जोर वाळूच खाते. टाच खाली जाते आणि पोटरी, टाचेमागची शीर ताणली जाते. काका, तुम्ही बागेतले पाच किलोमीटर तसेच्या तसे वाळूत नेलेत, मग पोटरी धरणारच. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे होती. वाळू वाईट नाही, आपटण्याचा मार कमी बसतो. पण पेव्हरही काही मखमल नाही. गुडघ्याला सगळ्यात बरी साधी मातीची पायवाट.

कमाटीबागकर
बरं, तिथीचं मान्य. कॅलेंडर काढून पाहिलं, तिन्ही दिवस मी भरतीतच पळत होतो. बायको तेव्हापासून हसतेय. पण मांडवीवाल्यांच्या आईचं उत्तर कुणी देत नाहीये. वाट पाहिजेच.

रावपुऱ्यातली_सून
देते की. सुरूच्या बनातून सुया पडून मऊ झालेली वाट मुळात असतेच. ती झाडून, खड्डे बुजवून ठेवली तर आजीही चालतील आणि तुम्हीही पळाल. पक्कं बांधकाम आलं की त्याला लाटांपासून वाचवायला भिंत येते. लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासमोरची पुळण खचलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि वाट आली की मागोमाग दिवे. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. पिल्लं उजेडाकडे जातात, दिवा दिसला तर समुद्र सोडून तिकडेच वळतात. तुमचे दीड-दोन मीटर नेमके त्याच पट्ट्यात येतात.

मांडवीवाला
दिवे लावू नका मग! उजाडल्यावर कोण पडतंय? प्रत्येक गोष्टीत कासव मध्ये आणायचं आणि विषय संपवायचा, हे बरं आहे. कासवं काही बारा महिने अंडी घालत नाहीत.

डभोईकर
इतक्या लांब कशाला, आपल्याकडून दोन तासांवर कावी-कंबोई आहे ना? समुद्रच तो. स्तंभेश्वरचं मंदिर भरतीत बुडतं, ओहोटीत वर येतं.

अलकापुरी_फिजिओ
तिथे पळून दाखवा आणि बूट परत आणून दाखवा! खंभातचं आखात आहे ते, सगळा गाळ. शिवाय भरती आखातात उशिरा पोचते, तेव्हा वहिनींचं पाऊणकीचं गणित तिथे लावू नका. बडोद्याहून सुट्टीच्या दिवशी चढउताराची वाट हवी असेल तर पावागड गाठा, वाळू हवी असेल तर वलसाडजवळचा तिथल गावचा किनारा. तिथली वाळू काळी असते, ऊन चढलं की अनवाणी पाय ठेववत नाही.

कमाटीबागकर
पेव्हरचा हट्ट सोडला, मातीची वाट चालेल. मात्र ती रोज झाडायची कुणी, पैसे कुणी द्यायचे, हे वहिनींनी त्यांच्या माहेरी विचारून इथे लिहावं. एका पावसाळ्यात ती वाट गायब होणार याची मला खात्री आहे.

आणि माघी पौर्णिमेला कर्द्याची खोली सांगून ठेवली आहे. साहेबांना कारण वेगळं दिलंय.