पुन्हा: माझा पत्ता बंद, यादीत बदला

प्रकाश (जळगाव):
ही मेल हिच्या पत्त्यावरून करतोय. आधीचं तिकडचं घर सोडताना केबलचं कनेक्शन तोडलं, त्याच्याबरोबर केबलवाल्यांनी दिलेला माझा ईमेलही गेला. तिकडच्या बँकेचा कोड अजून त्याच पत्त्यावर जातो. शनिवारच्या भरिताचं मला शेजाऱ्याकडून कळलं! जिभाऊ, आपल्या मेलच्या यादीत पत्ता बदला. आणि कायम टिकेल असा कुठला घेऊ?

विनय (धुळे):
प्रकाशभाऊ, आधी बँकेला फोन करा. मग स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे येणारं नाव आपलंच. डॉट कॉमला वर्षाला हजार-दीड हजार पडतात, एकदम १० वर्षांचेही भरता येतात. मेल कुठल्या सेवेकडे उतरवायची ते डोमेनच्या एका नोंदीत, म्हणजे एमएक्स रेकॉर्डमध्ये, लिहायचं. सेवा बदलली तर तेवढं बदला, पत्ता तोच राहतो. फक्त डोमेनवाल्याकडच्या खात्याला त्याच डोमेनचा पत्ता देऊ नका. डोमेन अडकलं तर पासवर्ड बदलायची मेलही तिथंच अडकेल.

सुलभा (भुसावळ):
विनय, हे सगळ्यांना झेपतं का? आमच्या ह्यांचं डोमेन होतं. कार्डाची मुदत संपली, पैसे कापलेच गेले नाहीत, आणि नाव भलत्यानेच घेतलं. आता ह्यांच्या नावाची मेल त्याच्या हातात. त्यापेक्षा जीमेल बरं. २००४ पासून चालू आहे, फुकट आहे.

विनय:
ताई, फुकट खरं, पण २ वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते पुसून टाकू शकतं. आणि नाव मिळतं कुठं? यावल-रावेरकडे एका गल्लीत एकाच नावाचे चार पाटील, पाच चौधरी. शेवटी आकडे जोडायचे, आणि आपली मेल दुसऱ्याच चौधरीला.

सुलभा:
चौधरींचं राहू दे. भरिताला वांगी बामणोदची आहेत ना? आणि कपाशीच्या काड्यांवर भाजा, गॅसवर नको.

जिभाऊ (अमळनेर):
वांगी बामणोदचीच. आता यादीचं. ती मी सांभाळतो, परस्पर कुणी पत्ते घालू नयेत. दिवाळी अंकाच्या वेळी घातले, निम्म्यांना दोन-दोन प्रती गेल्या. प्रकाश, जुन्या पत्त्यावरून एक मेल टाक, खात्री पटली की बदलतो.

प्रकाश:
जिभाऊ, जुना पत्ता बंद आहे म्हणूनच तर लिहितोय!

जिभाऊ:
मग फोन कर, पण दुपारी नको. विनय, डोमेनचं तुम्ही दोघं आपापसात बोला.