मदत हवी आहे: अटलांटिक ओलांडायला कोणतं विंडवेन (वाऱ्याच्या पात्यावर, विजेविना बोट दिशेत ठेवणारं यंत्र) घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमची ३६ फुटी शिडाची बोट सध्या इंग्लंडमध्ये प्लिमथला आहे. मी आणि बायको, दोघंच. येत्या हिवाळ्यात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला जायचं ठरतंय, साधारण २७०० सागरी मैल. दोघांनी आळीपाळीने रात्रंदिवस चाक धरणं झेपणार नाही.

इलेक्ट्रिक ऑटोपायलट आहे. इंजिनावर जाताना तो उत्तमच, पण शिडांवर दिवसचे दिवस चालवला तर बॅटऱ्या पुरणार नाहीत, आणि भर समुद्रात त्याचं सर्किट जळलं तर आम्ही काय करणार? म्हणून विंडवेन हवंच. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रिक ऑटोपायलटला मनाईच असते. आपल्या अभिलाष टॉमींनी २०२२-२३च्या शर्यतीतली प्रदक्षिणा विंडवेनच्या भरवशावर केली आणि दुसरे आले.

प्रश्न आहे कोणतं घ्यायचं याचा. मॉनिटर किंवा एरीजसारख्या सर्वो-पेंड्युलममध्ये पाण्यातलं पातं बोटीच्या वेगामुळे जोरात बाजूला झुलतं आणि दोऱ्यांनी सुकाणू ओढतं. ताकद भरपूर. टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) असता तर मी डोळे झाकून हेच घेतलं असतं. पण आमच्याकडे चाक आहे. दोऱ्या कप्प्यांवरून फिरवत चाकावरच्या ड्रमपर्यंत न्यायच्या, त्यात घर्षण आलं, ढिलाई आली.

हायड्रोवेन हे दुसऱ्या प्रकारचं विंडवेन, त्याला स्वतःचं वेगळं सुकाणू असतं, चाक बांधून ठेवायचं. मागे मधोमध शिडी आहे, तरी ते जरा बाजूला बसवता येतं. मुख्य सुकाणू तुटलंच तर हे कामी येतं, म्हणून बायकोचा कौल याला आहे, आणि तिचं म्हणणं मला पटतं.

अडतंय ते एवढ्यावर, की त्यात पाण्याच्या वेगाची मदत नाही, सगळा जोर वाऱ्याच्या पात्याचा. व्यापारी वारे येणार मागून. १५ नॉटचा (ताशी सागरी मैल) वारा आणि बोट ६ नॉटने पळतेय, म्हणजे पात्याला मिळणार जेमतेम ९. त्यात मागून मोठी लाट आली की बोट दिशा सोडणार.

अशा वाऱ्यात हायड्रोवेन वापरलेलं कुणी आहे का? मुख्य शीड उतरवून नुसत्या पुढच्या शिडांवर गेलात का? वाऱ्याच्या पात्याऐवजी छोटा टिलर पायलट (दांडा ढकलणारा छोटा इलेक्ट्रिक ऑटोपायलट) जोडून पाहिलात का? चाकाच्या बोटीवर सर्वो-पेंड्युलम नीट चालवलेल्यांनीही दोऱ्या कशा नेल्या ते कृपया सांगा, फोटो असतील तर फारच बरं.