प्रतिसाद: आधी कार्ड गप्प करा, मग इंटरप्ट मागा

वर विचारलंय की मशीन बंद करून चालू केलं तर कार्डाचा ड्रायव्हर नीट लोड होतो, नुसतं रीबूट केलं की प्रोबमध्येच (कार्ड सापडल्यावर ड्रायव्हर त्याची मांडामांड करतो त्या फंक्शनमध्ये) लटकतो. भावा, याच दुखण्यापायी शिरोली एमआयडीसीत एक रात्र काढलीय. फाउंड्रीतल्या भट्टीचं तापमान वाचणारं पीसीआय कार्ड, वर लिनक्स. दोन तास आम्ही केबलीच बदलत बसलो!

नुसत्या रीबूटने कार्ड रीसेट होईलच असं नाही. आधीच्या ड्रायव्हरने चालू ठेवलेला इंटरप्ट (कार्डाने सीपीयूला घातलेली हाक) तसाच उभा असतो. आमच्या प्रोबमध्ये रिक्वेस्ट_आयआरक्यू (इंटरप्टची लाइन मागून हँडलर नोंदवणारं फंक्शन) सगळ्यात वर होतं, कार्डाचे रजिस्टर मेमरीत मॅप व्हायच्या आधी. लाइन घेतली रे घेतली की हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) धावला, तो थेट नल, म्हणजे रिकाम्या, पॉइंटरवर.

म्हणून आधी डिव्हाइस एनेबल, मग रजिस्टर मॅप, लगेच कार्डावरचे इंटरप्ट मास्क (बंद), मग रीसेट. रीसेटचा बिट लिहून नुसता डिले टाकू नका. पीसीआयवरचं राइट वाटेत ब्रिजमध्ये (दोन बस जोडणाऱ्या चिपमध्ये) थांबलेलं असू शकतं. त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचा, म्हणजे अडकलेलं राइट आधी पोचतं, मग थांबा. वाट बघायच्या लूपला टायमआउट हवाच, कारण कार्ड मेलं असेल तर वाचताना सगळे बिट १ येतात. जुनं स्टेटस पुसा, डीएमएचे (कार्ड स्वतःच मेमरीत लिहितं-वाचतं त्याचे) बफर लावा, त्यानंतरच बस मास्टर (कार्डाला ती परवानगी) आणि आयआरक्यू. कार्डावरचं अनमास्क अगदी शेवटी.

इंटरप्टची लाइन दुसऱ्या कार्डासोबत शेअर्ड असेल तर कर्नलमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू हा तपासणीचा पर्याय चालू करून बघा. ते हँडलरची नोंदणी काढताना तो मुद्दाम एकदा चालवतं; नोंदणी होताक्षणी चालवणं आताच्या कर्नलमध्ये बंद आहे.

प्रोबचा कोड टाका इथं, बघतो.