पाणबुडीवर डेप्थ चार्ज पडतात तेव्हा आत नेमकं काय चालतं? (गणपतीच्या देखाव्यासाठी माहिती हवी)

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाने बडोद्यात पाणबुडीचा देखावा करायचं ठरवलंय. मांडवात जागा २४ फूट बाय १२ फूट. पाणबुडी उभी कापून आतला एकच भाग दाखवायचा, सात-आठ मिनिटांचा लाइट-साउंडचा खेळ. प्रसंग असा की वरून डेप्थ चार्ज (जहाजाने पाण्यात टाकलेले, ठरलेल्या खोलीवर फुटणारे बाँब) पडताहेत आणि आत माणसं अडकली आहेत. सुतार, लाइटवाला ठरले. पण संहितेत लाल दिवे, भोंगा आणि ओरडणारा कप्तान आलाय, ते मनाला पटत नाही. हल्ल्याच्या वेळी आत कोण काय करत असे? काय मोडत असे? आणि १९७१ दाखवावं की दुसरं महायुद्ध? शेकडो लहान मुलं बघायला येतात, त्यांना चुकीचं दाखवायचं नाही.

तळठाव
भोंगा आणि आरडाओरडा आधी काढून टाका. वरचं जहाज आवाजाच्या जोरावरच शोधत असतं, त्यामुळे आत सगळं उलट चालतं. पंखे बंद, फ्रिज बंद, वातानुकूलन असेल तर तेही बंद. पायांत बूट नाहीत, हुकूम कुजबुजत. ज्यांना काम नाही त्यांनी बंकवर पडून राहायचं, कारण पडलेला माणूस हवा कमी वापरतो. वेग २ नॉटच्या आसपास, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा.

सगळ्यांचे कान हायड्रोफोनवाल्याकडे, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर बसलेल्याकडे. तो वरच्या जहाजाच्या पंख्याच्या आवाजावरून दिशा सांगतो, फेरे मोजून जहाजाचा वेग काढतो. जहाज अगदी डोक्यावर आलं की हायड्रोफोन लागत नाही, पोलादातून नुसत्या कानाला धडधड ऐकू येते. अ‍ॅस्डिकचा ठोका, म्हणजे पाणबुडी शोधायला जहाजाने पाण्यात सोडलेला आवाज, अंगावर आला की बाहेरून कोणी बारीक खडी फेकतंय असं वाटायचं.

आता गंमत नाही पण महत्त्वाचं गणित. ब्रिटिश डेप्थ चार्ज पाण्यात सेकंदाला साधारण ३ मीटर बुडायचा. पाणबुडी १०० मीटरवर असेल तर पोचायला ३३ सेकंद. शिवाय शेवटच्या दीड-दोनशे मीटरमध्ये जहाजाच्या अ‍ॅस्डिकला पाणबुडी दिसेनाशी होते, ती किरणांच्या खाली जाते. १५ नॉटने येणाऱ्या जहाजाची ती २० ते २५ सेकंदं. म्हणजे जवळजवळ मिनिटभर वरचा माणूस अंदाजावर. कप्तान हाच मिनिट वापरतो: जहाज डोक्यावर आलं की मोटरचा वेग वाढवून सुकाणू पूर्ण एका बाजूला. ४ नॉट म्हणजे सेकंदाला २ मीटर, मिनिटात सव्वाशे मीटर दूर. दाबकवच फोडायला चार्ज सहा-सात मीटरच्या आत फुटावा लागे, म्हणून शेकडो चार्ज झेलूनही काही पाणबुड्या परतल्या. पुढे हेजहॉग आलं, २४ बाँब एकदम पुढे फेकणारं, आणि ते कवचाला लागलं तरच फुटे. त्यात जहाजाला मधला आंधळा टप्पा उरला नाही आणि न लागलेल्या बाँबचा आवाजही नाही. पाणबुडीवाल्यांची ही सवड तिथे संपली.

तुमच्या खेळात हा मिनिट दाखवा. धडधड जवळ येते, डोक्यावरून जाते, कोणीतरी सेकंद मोजतो. त्यातच सगळं नाट्य आहे.

वाफारा
वरच्या उत्तराशी सहमत, पण स्फोटांपेक्षा हवा आणि पाणी यांनी जास्त छळलं, ते राहून जाऊ नये.

हवेचं आधी. स्वस्थ पडलेला माणूस तासाला साधारण २० लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ५० माणसं म्हणजे तासाला १ घनमीटर. समजा आत ४०० घनमीटर मोकळी हवा आहे, तर दर तासाला पाव टक्का वाढ, बारा तासांत ३ टक्के. त्या पातळीला डोकं ठणकतं, धाप लागते, साधी बेरीज चुकते. ऑक्सिजन तेव्हाही १७ टक्क्यांच्या वर असतो. म्हणून मारक ठरतो तो आधी कार्बन डायऑक्साइडच, आणि नुसता ऑक्सिजन सोडून भागत नाही. अमेरिकन पाणबुड्यांवर शोषक पावडरीचे डबे असत. ती पावडर गाद्यांच्या खोळींवर पातळ पसरायची, अधूनमधून हाताने हलवायची. जर्मन खलाशी तोंडात नळी धरून पोटॅशच्या डबीतून श्वास घेत, तेही झोपेत! देखाव्यात एक माणूस बंकवर तोंडात नळी घालून निजलेला दाखवा, बघणारा लगेच विचारेल हे काय म्हणून.

आता पाणी. १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. ६० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर १०० मीटर खोलीला २८ टन भार येतो. त्याच खोलीला एक चौरस सेंटीमीटरच्या भोकातून मिनिटाला दीडशे लीटरच्या पुढे पाणी येतं. दहा मिनिटांत दीड टन. पंप लावला तर आवाज, न लावला तर पाणबुडी शेपटीकडे जड होऊन खाली. मग करायचे काय, तर पंप फक्त स्फोट होत असताना चालवायचा, त्या गडगडाटात तो लपतो, आणि स्फोट थांबताच बंद. मधल्या वेळात बादल्यांनी पाणी पुढच्या भागात न्यायचं. तेवढ्यानेही तोल आला नाही तर माणसंच पुढे सरकवायची.

काय मोडतं: मापकांच्या काचा, दिव्यांचे बल्ब, पंख्याच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग, झाकणांची रबरं, डिझेलच्या धुराची बाहेर जाणारी झडप. आणि बॅटरीचे सेल. जर्मन सातव्या प्रकारात १२४ सेल होते, जमिनीखाली. सेल तडकला की आम्ल तळाला सांडतं, आणि त्यात समुद्राचं पाणी मिसळलं की क्लोरीन वायू. त्यामुळे एक माणूस हातभर उंचीच्या पोकळीत ढकलगाडीवर उताणा सरपटत जातो, हातात टॉर्च आणि पाना, आणि तडकलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी टाकून तो सेल वगळतो. सगळं अंधारात, वर पाणी टपकतंय. माझ्या मते तुमचा नायक कप्तान नव्हे, हाच. जमिनीची एक फळी उचकटून त्याचे पाय तेवढे दिसू द्या.

बॅटरीचा हिशेब निवेदनात घ्या: हीच पाणबुडी पाण्याखाली ४ नॉटने ८० सागरी मैल जाई, म्हणजे २० तास. पूर्ण वेग लावला तर तासाभराच्या आसपास सगळं संपलं. पळून जाणं हा पर्याय मुळात नव्हताच.

दांडियाबाजारकर
दोघांचे मनापासून आभार. सेलवाला नक्की घेतो. १९७१ चं कोणी सांगाल का? दीवचं खुकरी स्मारक इथल्या बऱ्याच लोकांनी पाहिलंय, म्हणून तो धागा घ्यावा असं कार्यकर्त्यांचं म्हणणं.

करंजा
खुकरी घ्यायची असेल तर बाजू नीट समजून घ्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरीला पाकिस्तानी पाणबुडी हँगोरने टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं. म्हणजे इथे पाणबुडीतली माणसं शत्रूची. डेप्थ चार्ज झेलणारी पाणबुडी दाखवून वर खुकरीचं नाव लावलंत तर अर्थ उलटा होईल.

आपल्या बाजूने अरबी समुद्रात करंज आणि कुरसुरा गस्तीवर होत्या. करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत, त्यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. सोव्हिएत फॉक्सट्रॉट जातीच्या या पाणबुड्या ९१ मीटर लांब, टॉर्पेडो सोडायच्या १० नळ्या, २२ टॉर्पेडो, पंचाहत्तरच्या आसपास माणसं. त्यांच्यासाठी वेगळा प्रसंग सुचवतो: शत्रूच्या किनाऱ्याजवळ रात्री स्नॉर्केल (हवेची नळी) वर काढून बॅटरी भरणं. नळीचं तोंड पाण्याबाहेर, डिझेल चालू. लाट आली की वरची झडप मिटते, पण इंजिन हवा ओढतच राहतं, ती आतल्या माणसांची. दाब झपकन उतरतो, कानांत दडे बसतात, मग झडप उघडते आणि पुन्हा तेच, तासन्‌तास. चार्जिंग चालू असताना सेलमधून हायड्रोजन निघतो, तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरे. म्हणून मोजत राहावं लागतं आणि हवा खेळती ठेवावी लागते. आणि स्नॉर्केलचा तुरा रडारला दिसू शकतो, डिझेलच्या आवाजात स्वतःचे कान बंद. धोका इथे न दिसणारा आहे, पण मुलांना समजेल.

प्रत्यक्ष बघायचं तर कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे, २००२ पासून. सुताराला घेऊन जा. गोल दारांची उंची, बंकांची रुंदी फोटोवरून कळत नाही.

माझं मत: महायुद्धातला प्रसंग, नाव न घालता, आणि शेवटी निवेदनात आकडे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० पैकी जवळपास ३०,००० परतले नाहीत. अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजार माणसं गेली. हे आकडे मोठ्याने, सावकाश वाचा, मागे संगीत नको. मग एका वाक्यात करंज-कुरसुराचा आणि खुकरीचा उल्लेख.

तळठाव
लाल दिव्याबद्दल राहिलं. तो धोक्याचा दिवा नसतो. रात्री पेरिस्कोपवर किंवा वरच्या उघड्या पुलावर (जिथून कप्तान टेहळणी करतो) जाणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले हवेत म्हणून कंट्रोल रूममध्ये लाल उजेड ठेवत. दिवसाच्या प्रसंगात पिवळट साधे बल्बच ठेवा, स्फोटाबरोबर एकेक विझवा आणि शेवटी टॉर्च.

आवाजाचा क्रम महत्त्वाचा. स्फोटाआधी एक 'टक' ऐकू येई आणि त्या दोहोंतल्या अंतरावरून चार्ज किती लांब ते अनुभवी खलाशी ओळखत. आधी टक आणि धडाका यांत एक सेकंद ठेवा, पुढच्या वेळी अर्धा, मग जवळजवळ एकत्र. धडाक्यानंतर लगेच काचेचा आवाज, मग पाच सेकंद फक्त टपटप. बासचा स्पीकर प्लायवुडच्या तळाला बोल्टने घट्ट बसवा, मोकळा ठेवलात तर मांडवाचा पत्रा खडखडेल आणि टक ऐकूच येणार नाही.